फ्लेक्सवरची टपरी

पहिले एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे मंग कोणी नाक मुरडायचं काम नाई. मले चित्र येत नाई. माही म्हैस डुकरावानी दिसते अन् माहा माणूस विजेच्या खांबावानी उभा राह्यते. तरी मी काढते. वर्ध्यात दर रविवारी जे लोकं वह्या अन् घडीचे स्टूल घेऊन गावभर चित्रं काढत हिंडतात, त्याईत मी हाय. अन् मले त्याच्यातून हटवणं कोणाच्या बापाच्यानं होत नाई.

नाव कांता. कापसाच्या जुन्या जिनिंगसमोरच्या चौकात, कडुलिंबाखाली माही इस्त्रीची टपरी हाय. चार लाकडी खांब, वर टिन, एक टेबल, टेबलावर घोंगडी, घोंगडीवर चादर, अन् पितळेची कोळशाची इस्त्री. पहिले सासरा इथी उभा राह्यचा, मंग माहा नवरा रामाजी, अन् त्याचे गुडघे गेले तवापासून मी. वकिलाचे कोट येतात, शाळेचे ड्रेस येतात, सेवाग्रामकडच्या लोकाईची खादी येते. खादीवानी हट्टी कापड नाई. पाण्याचा हबका मारल्याबिगर सुरकुती जागची हलत नाई. मले ते कापड आवडते, माह्याच स्वभावाचं हाय.

समोरचं जिनिंग कधीचंच बंद पडलतं. विटाचं धुराडं तेवढं उभं होतं अन् आत बाभळी माजल्या होत्या. मंग एक दिवस चारी बाजूनं पत्रे लागले, थेट माह्या टपरीले चिकटून, अन् आत जेसीबी घरघर करू लागली. गाव काही आता पहिलेचं राह्यलं नाई. रस्ता शिमिटाचा झाला, खताच्या दुकानाच्या जागी मोबाईलचं शोरूम आलं, अन् ज्याच्या त्याच्या तोंडी प्लॉटचा भाव. माहं त्याच्यावर काही म्हणणं नव्हतं. शोरूमवाल्या पोट्ट्याईचे शर्ट भी माह्याकडेच येतात.

त्याच दिवसात एका रविवारी सकाळी सात-आठ लोकं चौकात आले अन् स्टूल टाकून बसले. एकदा धुराड्याकडे पाहत, एकदा माह्याकडे पाहत, अन् मान खाली घालून रेघा मारत. मले वाटलं नगरपालिकेचे हायेत, नाप घेऊन राह्यले. माहं डोकं सटकलं. पाण्याचा मग हातातच होता, तसीच गेली अन् विचारलं का बावा, कोणाच्या हुकमानं लिहून राह्यले तुमी माह्या टपरीचं? त्याच्यातली एक पोरगी उठली. बँकेत नोकरी करते, हर्षा तिचं नाव. रोज देवळीहून बसनं येते. ती हसली नाई, भ्याली नाई. म्हणे, काकू, धुराडं पाडाच्या आधी त्याचं चित्र काढून ठेवून राह्यलो आमी. तुमी समोर दिसता, म्हणून तुमी भी त्यात आल्या.

मी म्हटलं, बरं, काढा मंग, पण माह्या उन्हात बसू नका.

तासाभरानं त्याईचं काम झालं. मंग त्याईनं जे केलं ते मी कुठी पाह्यलं नव्हतं. सगळ्याईनं आपापल्या वह्या उघड्या करून खाली जमिनीवर मांडल्या अन् चुपचाप बाजूले उभे राह्यले. कोणी वाहवा केली नाई, कोणी मान डोलावली नाई. हर्षानं मले बोलावलं.

"काकू, आमच्यात एक रीत आहे. ज्या जागेचं चित्र काढलं, तिथं जो रोज बसते तो पहिले बोलते. तो बोलल्याशिवाय आमी तोंड उघडत नाई. अन् त्यानं चूक सांगितली तर तिथंच बसून दुरुस्त करा लागते."

मले काय, बोलाले कोणी सांगाले पायजे? मी एक एक वही पाहत गेली. एकीत माह्या टिनाले पाचवा खांब लागलता. एकीत मी इस्त्री धरून उभी, पण इस्त्रीत आग नाई. मी विचारलं का थंड्या इस्त्रीनं काय मी लोकाईचे कपडे कुरवाळून राह्यली? ज्यानं काढलं होतं तो खाली बसला अन् त्यानं इस्त्रीच्या भोकातून लाल कोळसा दाखवला. मोठा माणूस, शाळेत ड्रॉइंगचा मास्तर, रत्नदीप सर. मी सांगितलं अन् त्यानं ऐकलं. घरी जाऊन रामाजीले सांगितलं तर तो म्हणे, समाजाच्या पंचायतीत तुले कोणी बोलू देत नाई, इथी भेटलं वाटते. मी म्हटलं, भेटलं ना. तुले काऊन जळून राह्यलं?

तवापासून मी त्याईच्या संगं जाऊ लागली. रविवारी सकाळचे दोन घंटे टपरी बंद. हर्षानं वही दिली, अन् कोळसा माह्या घरचाच. इस्त्रीतला निवलेला तुकडा घेतला का रेघ अशी काळीभोर येते का बास. आमी पवनारले गेलो, धाम नदीच्या खडकावर बसलो. मी पाणी काढाले गेली अन् सगळं पान काळं करून बसली. देवळीले गेलो तवा एका सलूनवाल्यानं हर्षाच्या चित्रावर बोट ठेवलं. म्हणे, पोरी, माह्या खुर्चीत गिऱ्हाईक बसव, रिकामं दुकान काऊन दाखवतं? हर्षा परत खाली बसली, खुर्चीत एक बुढा बसवला, त्याच्या तोंडाले फेस लावला, तवा कुठी त्याचं समाधान झालं. मले ही रीत लय पटली. दुनियेत आमच्यासारख्याले शेवटी विचारतात, नाई तर विचारतच नाई. इथी पहिले विचारून राह्यले होते.

आमच्यात सगळ्यात चांगला हात योगेंद्रचा. पंचविशीतलं पोरगं, आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाले. बोलाले गोड, वागाले गोड. माह्यासाठी थर्मासच्या टोपणात चहा आणायचा. एकदा त्यानं नुसते माहे हात काढले. एक हात इस्त्रीवर, एक हात कापडावर, बोटावरचे भाजल्याचे डाग एकूणएक. ते चित्र त्यानं मले दिलं अन् ते माह्या घरात देवाच्या फोटोशेजारी लागलं हाय. म्हणून पुढचं जे झालं ते मले लागलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती.

धुराडं पडलं. त्या जागी सात मजल्याचं कॉम्प्लेक्स होणार असं पेपरात आलं. अन् एका सकाळी मी टपरी उघडाले आली तर माह्या डोक्याच्या वरच, पत्र्याले लागून, हा मोठा फ्लेक्स. खालची कोर माह्या टिनाले टेकली होती. वरतं लिहिलेलं, 'आपला चौक बदलतोय'. अन् खाली चित्र. फोटो नाई, हातानं काढलेलं चित्र, मोठं करून छापलेलं. मले रेघ पाहून हात ओळखू येते. योगेंद्रचाच होता.

चित्र सुंदर होतं, खोटं काऊन बोलू. चकचकीत बिल्डिंग, समोर चौक, चौकात माहा कडुलिंब. पानापानाची ऊन-सावली दाखवलती. त्या कडुलिंबाखाली, जिथी माहं टेबल हाय बरोबर त्याच जागी, एक कुत्रं निजलं होतं. तेच कुत्रं, भुरं, माह्या टेबलाखाली कोळशाच्या ऊबेले येऊन पडते ते. त्याले जागा होती. चार खांब नाई, टिन नाई, टेबल नाई, मी नाई.

मी किती वेळ उभी होती मले माहीत नाई. वकिलाचा पोट्टा कोट घ्याले आला अन् हात हलवून म्हणे, काकू, काय झालं? मी म्हटलं, मेली मी. पाह्य, वर लिहिलं हाय.

त्या रविवारी आमी पोस्टाच्या बाजूले बसणार होतो. मी चित्र काढलंच नाई. वह्या मांडाच्या आधीच मी सगळ्याईसमोर योगेंद्रले धरलं. विचारलं का बेटा, तुले माहे हात दिसले, बोटावरचे डाग दिसले, अन् मी आख्खी उभी असून मी दिसली नाई काय? त्याचा चेहरा पडला. म्हणे, काकू, ते ऑफिसचं काम होतं, बिल्डरनं सांगितलं समोरचा भाग मोकळा ठेवा, बिल्डिंग झाकते. अन् मंग त्यानं जे म्हटलं त्यानं मी भडकली. म्हणे, आपण सगळेच चित्रात काही तरी सोडतो ना. वायरी सोडतो, गाड्या सोडतो, कचरा सोडतो.

मी काही बोलाच्या आधी रत्नदीप सर बोलले. ते कधी आवाज चढवत नाई, तेव्हा भी चढवला नाई.

"आमच्या गावच्या शाळेत भिंतीवर गावाचा नकाशा रंगवला होता. देऊळ होतं, विहीर होती, पाटलाची बैलबंडी सुद्धा होती. आमची वस्ती नव्हती. मी गुरुजीले विचारलं का आमचे घरं कुठी हायेत? ते म्हणे, भिंत संपली बाळा." सरानं योगेंद्रकडे पाह्यलं. "वायर सोडणं वेगळं. तू सांग, तुही भिंत कुठी संपली?"

योगेंद्रनं वही बंद केली अन् गाडी घेऊन निघून गेला. मंग त्याचं येणंच बंद झालं. माह्या घरातलं ते हाताचं चित्र मी भिंतीवरून उतरवलं. रामाजीनं ते परत लावलं. म्हणे, हात तर तुहेच हायेत, त्याच्यावर काऊन राग?

फ्लेक्स नुसता फ्लेक्स असता तर ठीक होतं. आठवड्यात बिल्डरचा मॅनेजर आला. धनंजय नाव, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर काळा चष्मा. मले मावशी म्हणे. म्हणे, मावशी, येत्या रविवारी भूमिपूजन आहे, मोठे पाहुणे येणार, तेवढ्यापुरती टपरी मागच्या गल्लीत घ्या. मी विचारलं, तेवढ्यापुरती म्हणजे परत कवा? तो फ्लेक्सकडे पाहून हसला. म्हणे, मावशी, चौकाचं डिझाईन तर तुम्ही पाहिलंच असेल.

पाह्यलं होतं. म्हणूनच मले समजलं. हे लोकं पहिले चित्रात नाई दाखवत, मंग जागेवर नाई ठेवत. मागच्या गल्लीत कोण येते? तिथी माणूस मुताले जाते, कपडे घेऊन जात नाई. सासऱ्यापासूनची जागा एकदा सोडली का गेली, अन् जागा गेली का माही इस्त्री गेली, अन् रामाजीच्या गुडघ्याची दवा गेली. मी धनंजयले साफ सांगितलं, मी हलत नाई. तो म्हणे, बघू. मी म्हटलं, पाह्य.

आता गंमत अशी का त्याच धनंजयनं हर्षाले फोन केला. त्याले योगेंद्रच्या ऑफिसातून कळलं होतं का वर्ध्यात असे चित्रवाले लोकं हायेत. त्याले वाटलं कार्यक्रमाले शोभा येईन. पाहुण्याईसमोर कलाकार बसून चित्रं काढतील, फोटो निघतील, पेपरात येईन. आमच्यातल्या अर्ध्याईनं म्हटलं, थुंका त्याच्या कार्यक्रमावर. माहं भी तेच म्हणणं होतं. पण हर्षा विचार करून राह्यली होती. मंग ती म्हणे, जाऊ. पण आपली रीत त्याले सांगून जाऊ.

तिनं माह्या टपरीवर उभं राहूनच फोन लावला, स्पीकरवर. धनंजयले सगळं नीट समजावलं. आमी तासभर चित्रं काढू, मंग जमिनीवर मांडू, मंग इथं जो रोज बसते तो पहिले बोलन, त्याच्या आधी कोणीच बोलणार नाई, पाहुणे भी नाई. त्यानं काही चूक सांगितली तर तिथंच दुरुस्त करू. धनंजय फोनवर लय खूश. म्हणे, अरे वा, मस्त कल्पना आहे, आमचे साहेबच बोलतील, त्यांचं ऑफिस इथंच होणार आहे, उद्यापासून ते रोज इथंच बसणार. हर्षानं माह्याकडे पाह्यलं. म्हणे, हो का? मंग ठीक आहे. अन् फोन ठेवला. मी पदर तोंडाले लावून हसली. कितीतरी दिवसानं हसली.

रविवारी सकाळी मी आली तर टपरीच दिसेना. मांडव घातला होता, स्टेज होतं, लाल खुर्च्या होत्या, अन् माह्या टपरीच्या समोरून कडुलिंबापासून विजेच्या खांबापर्यंत पांढरी कनात ताणून बांधलती. हटवता आलं नाई म्हणून झाकून टाकलं. कापडाच्या त्या बाजूले स्पीकरवर गाणे, या बाजूले मी अन् भुरं कुत्रं. दोन घडी मले रडू आलं, सांगते. पहिले चित्रातून गेली, आता उभी असून गेली.

मंग मले माहाच राग आला. अरे, इस्त्री कशाले हाय?

मी कोळसे टाकले. ओले टाकले, मुद्दाम. पुठ्ठ्यानं वारा घातला. असा धूर निघाला का काय सांगू, भुरकट, जाडजूड, कनातीच्या वरून सरळ मांडवावर गेला. त्या बाजूले खोकल्याचे आवाज येऊ लागले. मले दिसत नव्हतं, पण मंग हर्षानं सांगितलं का आमचे सगळे लोकं स्टेजसमोर ओळीनं बसले होते, तीसेक जण, हिंगणघाटाकडून भी आले होते, अल्लीपूरचे दोघं आले होते. अन् आमचा नियम असा का जे समोर दिसते ते काढा. त्याईनं पांढरी कनात काढली अन् तिच्यावरून चढणारा धूर काढला. बिल्डिंगचा बोर्ड कोणी काढलाच नाई. धनंजय एकाच्या मागून दुसऱ्याच्या मागे जाऊन वाकून पाहत होता, अन् प्रत्येक वहीत त्याले धूरच दिसत होता.

तो कनातीच्या मागं आला. म्हणे, मावशी, हे काय चालवलं आहे, विझवा. मी म्हटलं, खादी आली हाय, साहेब, आग लागते. त्यानं इस्त्रीले हात लावाले पाह्यलं अन् चटका बसून हात झटकला. मी पदराले हात पुसले, कडुलिंबाकडे गेली अन् कनातीची गाठ सोडली. मंग खालची. मंग खांबाकडची. कनात पडली.

समोर सगळे बसलेले. आमचे लोकं, लाल खुर्च्यावरचे पाहुणे, बाया, पेपरवाले. मी टेबलामागं जाऊन उभी राह्यली अन् एका वकिलाच्या पांढऱ्या पँटीवर इस्त्री फिरवाले लागली. एवढे लोकं पाहून राह्यले तरी घडी सरळच आली. कापड समोर असलं का हात आपोआप शहाणा होते.

आमच्या लोकाईनं पान उलटलं अन् परत सुरुवात केली.

तास संपला. हर्षा उठली, वही घेऊन स्टेजसमोर आली अन् जमिनीवर ठेवली. मंग रत्नदीप सर. मंग एक एक करून सगळे. तीस वह्या धुळीत मांडल्या. बिल्डरसाहेब खुर्चीतून उठले, कोट नीट केला, धनंजयनं त्याईच्या हातात माईक दिला. ते तोंड उघडणार तेवढ्यात हर्षा पुढे झाली. हात जोडून, एकदम अदबीनं म्हणे, साहेब, आमची रीत मी तुमच्या मॅनेजरले फोनवर सांगितली होती, त्याईनं मान्य केली होती. इथं जो रोज बसते तो पहिले बोलन. अन् माईक मागितला. पेपरवाल्याईचे मोबाईल वर झाले होते. साहेबानं धनंजयकडे पाह्यलं. धनंजय जमिनीकडे पाहून राह्यला होता. माईक माह्याकडे आला.

मी वह्या पाहत पाहत गेली, जशी नेहमी जाते. घाई केली नाई. लोकं थांबले. एवढे कोट-टायवाले लोकं माह्यासाठी थांबले.

मी म्हटलं, "चित्रं चांगली हायेत. रत्नदीप सरानं धूर बरोबर काढला. हर्षाच्या चित्रात माही मान थोडी लांब झाली, पण चालते. आज इथी अजून एक चित्र मांडलं हाय, सगळ्यात मोठं. ते चुकलं." मी वर फ्लेक्सकडे बोट दाखवलं. "त्याच्यात कुत्रं हाय, मी नाई. मी इथी रोज बसते. अन् आमच्यात चुकलं ते तिथंच दुरुस्त करा लागते."

माईक हर्षाच्या हातात दिला. पँट घडी करून ठेवली. इस्त्री खाली उतरवली, टेबल ओढून फ्लेक्सच्या खाली नेलं अन् साडी खोचून वर चढली. धनंजय धावला, गार्डले हाका मारल्या. पण तीस जण उठून टेबलाच्या भोवती उभे राह्यले होते. कोणी कोणाले धक्का दिला नाई. नुसते उभे राह्यले.

मी कोळशाचा तुकडा काढला अन् कुत्र्याच्या बाजूले पहिला खांब ओढला. रेघच उठेना. फ्लेक्स गुळगुळीत, कोळसा नुसता घसरे. मी दाबून ओढलं, तुकडा मोडला अन् खाली पडला. मागं कोणीतरी हसलं. एवढं सगळं केलं अन् आता टेबलावर चढून रिकाम्या हातानं उतरायचं काय, असं वाटलं.

खालून आवाज आला. "काकू, यावर कोळसा नाही बसणार."

योगेंद्र होता. गळ्यात कंपनीचा पट्टा, इन केलेला शर्ट. पाहुण्याईसंगं आला असन, मले दिसला नव्हता. त्यानं खिशातून जाड काळा मार्कर काढला, टोपण उघडलं अन् वर केला. मी त्याच्याकडे पाह्यलं. त्याचे डोळे लाल झाले होते, धुरानं का कशानं देव जाणे. मी म्हटलं, "तूच काढ ना. तुहा हात चांगला हाय, अन् चूक भी तुहीच हाय."

"नाही," तो म्हणे. "तुमची जागा आहे. तुम्ही काढा. मी टेबल धरतो."

अन् त्यानं खाली बसून दोन्ही हातानं टेबलाचे पाय धरले. मालकासमोर, गळ्यात पट्टा तसाच.

मी काढली. चार खांब, त्यातला एक वाकडा. टिन. टेबल. टेबलावर इस्त्री, इस्त्रीच्या भोकात आग. अन् टेबलामागं एक बाई, खांबावानी उभी. सगळं इतकं मोठं झालं का टपरी बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. होऊ द्या. इतके दिवस लहान होती ना.

पूजा झाली म्हणे मंग, घाईघाईत. मी पाह्यली नाई, मले खादी पुरी करायची होती.

योगेंद्रची नोकरी गेली. आता तो घरी बसून नकाशे काढते अन् रविवारी परत येते. चहा टोपणात आणते. मी त्याले माफ केलं का नाई ते मी अजून ठरवलं नाई, पण चहा पिते. धनंजय अजून म्हणते, मावशी, तुमाले हटवा लागन. मी म्हणते, हटव. तो मागच्या महिन्यात आला तर येताना दोन शर्ट घेऊन आला. मी कडक घडी घालून दिले. माहं भांडण त्याच्याशी हाय, त्याच्या शर्टाशी नाई.

तो फ्लेक्स दोनच दिवसात उतरवला. नवा लावला. तेच चित्र, तोच कडुलिंब, तेच कुत्रं, जागा परत रिकामी. मी इस्त्री खाली ठेवली, टेबल ओढलं, अन् परत काढली. त्याईनं तो भी उतरवला. परत लावला. मी परत काढली. मार्कर आता टेबलाच्या खणातच राह्यते, चिमट्याच्या अन् पाण्याच्या मगाच्या बाजूले. सुरुवातीले खांब वाकडे यायचे, बाई खांबावानी दिसायची. आता हात बसला. रत्नदीप सर म्हणे, कांताबाई, या खेपेले मान एकदम बरोबर आली.

परवा एक माणूस आला, नवाच, नागपूरहून बदली होऊन आलेला. हातात कपड्याचं गाठोडं. माह्याकडे पाहेच ना, वर फ्लेक्सकडे पाहून राह्यला होता. मंग खाली पाह्यलं, परत वर पाह्यलं, अन् म्हणे, बाई, या चित्रातली इस्त्रीवाली तुमीच काय?

मी म्हटलं, मीच. ठेवा कपडे, संध्याकाळी या.